लॉन मोवरची स्प्रिंग ओढू नका

पाऊस ओसरला की गवत माजतं. लॉन मोवर त्यात अडकत, धापा टाकत चालतो आणि मग कोणीतरी तोडगा काढतं: ‘गव्हर्नरची स्प्रिंग जरा ओढून घ्या, बघा कसं पळतं!’ पळतं, हे खरंच. म्हणूनच हे सांगायची वेळ आली.

गव्हर्नर म्हणजे इंजिनाचा लगाम. स्प्रिंग थ्रॉटल उघडायला बघते. वेग वाढला की गव्हर्नर ते मिटवत आणतो. ढकलत न्यायच्या मोवरचा वेग साधारण मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास बांधलेला असतो, आणि तो पात्याचा हिशेब करून. २१ इंची पात्याचं टोक या वेगाला ताशी सुमारे ३०० किलोमीटरनं फिरतं. स्प्रिंग ओढून फेऱ्या साडेचार हजारांवर नेल्या की तेच टोक साडेचारशेवर जातं. वेग दीडपट, पण पात्यावरचा ताण सव्वादोन पट. पात्याला बारीक तडा असेल तर तो असाच उलगडतो. पात्याखाली आलेला खडासुद्धा त्याच हिशेबानं जास्त जोरात उडतो.

इंजिनाचेही हालच. या लहान इंजिनांत कनेक्टिंग रॉड बहुधा ॲल्युमिनियमचा असतो, वेगळं बेअरिंग नसतं, तेल आतल्या आत उडून जेवढं पोचेल तेवढंच. वेग वाढला की तेलाचा पापुद्रा टिकत नाही. रॉड तुटतो आणि इंजिनाच्या भिंतीला भोक पाडून बाहेर येतो. मग मेस्त्री हळहळतो, खर्च मात्र तुमचा.

दुसरा घरगुती उद्योग याहून वाईट. हँडलवरची लिव्हर सतत दाबून धरायचा कंटाळा येतो म्हणून ती तारेनं किंवा सुतळीनं बांधून टाकतात. हात सुटला की पातं थांबावं, एवढ्याचसाठी ती लिव्हर आहे. अमेरिकेत १९८२ पासून असा नियमच आहे, की लिव्हर सोडल्यावर पातं तीन सेकंदांत थांबलं पाहिजे. ओल्या उतारावर पाय घसरला तर बांधलेल्या लिव्हरचं मशीन फिरतच राहतं.

‘परदेशात तर मोवरच्या शर्यती लावतात’, असं कोणी म्हणेल. लावतात. इंग्लंडात १९७३ पासून त्या चालतात. पण तिथे शर्यतीत उतरण्याआधी पातं काढून ठेवावं लागतं. वेगाची हौस भागवायची तर गवत कापायचं नाही, हा त्यांचा सरळ व्यवहार.

मशीन खरोखरच ओढत नसेल तर बहुतेक वेळा दोष इंजिनाच्या ताकदीचा नसतोच. पातं बोथट झालेलं असतं, एअर फिल्टर धुळीनं भरलेला असतो, किंवा गेल्या हंगामातलं पेट्रोल टाकीत तसंच पडलेलं असतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि शिळं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरतं. टाकी रिकामी करा, प्लगची वायर काढून ठेवून मगच पात्याला धार लावा, दोन्ही बाजू सारख्याच घासा. एक बाजू जड राहिली तर मशीन थरथरतं. आणि गवत गुडघाभर असेल तर मोवर उंच लावून एकदा, मग खाली घेऊन पुन्हा एकदा फिरवा. वेळ लागेल, लागू द्या.

सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना आणि बंगलेवाल्यांना एक वेगळी विनंती आहे. स्प्रिंग ओढायला सांगणारे तुम्ही व्हरांड्यात असता; मशीनमागे स्लिपर घालून चालतात ते माळीकाका. त्यांच्यासाठी जाड बूट आणि चष्मा घ्या. लिव्हरला तार गुंडाळलेली दिसली तर आजच काढायला लावा, आणि मूळ मापाची स्प्रिंग बसेपर्यंत मशीन सुरू करू देऊ नका.