माजी सैनिक दिन साजरा होतो, पण उद्या माजी सैनिक कुणाला म्हणायचं?

सातारा : १४ जानेवारी म्हटलं की आपल्याकडे तिळगूळ आणि सुगडं. त्याच तारखेला देशात सशस्त्र सेना माजी सैनिक दिन असतो, हे गावात थोड्यांनाच ठाऊक. त्याची वेगळी सुट्टी नसते. जिल्ह्याच्या ठिकाणी पुष्पचक्र, मेळावा, वीरपत्नींचा सत्कार, एवढ्यावर दिवस संपतो.

हीच तारीख का? के. एम. करिअप्पा १५ जानेवारी १९४९ रोजी लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती झाले, तो आपला लष्कर दिन. १४ जानेवारी १९५३ रोजी ते निवृत्त झाले. त्याची आठवण म्हणून ही तारीख माजी सैनिकांच्या नावाने पाळतात. वर्दी उतरली तरी मान उतरत नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

आपल्या जिल्ह्याला हे शिकवायला नको. अपशिंगे (मिलिटरी) या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. आजही पहाटे तालुक्यातल्या रस्त्यांवर भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतात. फरक एवढाच, की ती आता वेगळ्या भरतीसाठी पळतात.

पूर्वी शिपाई किमान १५ वर्षं नोकरी करून पेन्शन घेऊन गावी यायचा. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. नोकरी ४ वर्षांची. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, बाकीचे सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पहिल्या तुकड्यांची ४ वर्षं २०२६ संपता संपता पूर्ण होतात.

सरकारची बाजू अशी, की सैन्य तरुण राहील, पेन्शनचा बोजा कमी होईल आणि पंचविशीच्या आतबाहेरचा पोरगा हातात रक्कम घेऊन दुसरं काम धरेल. त्यात तथ्य आहे. पण पैसा वेगळा आणि दर्जा वेगळा. सीमेवर एकाच बंकरमध्ये राहिलेल्या दोघांपैकी एकाला मेळाव्यात खुर्ची आणि दुसरा मंडपाबाहेर, हे गावाला पटणार नाही.

माजी सैनिकाची व्याख्या दिल्लीत ठरते. सगळंच मात्र दिल्लीच्या हातात नाही. महाराष्ट्राने २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेतून माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना घरपट्टी माफ केली. हा राज्याचा निर्णय होता. त्यात परतलेल्या अग्निवीराला घ्यायचं का, हेही राज्यच ठरवू शकतं.

गावालाही काम आहे. माजी सैनिक दिनानंतर बाराच दिवसांनी २६ जानेवारीची ग्रामसभा येते. घरपट्टी माफीचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, हे तिथे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारता येतं. गावातून किती अग्निवीर गेले आणि कोण कधी परतणार, याची यादीही करून ठेवता येते. पोरं परत आल्यावर धावपळ करण्यापेक्षा ठराव आधीच करून राज्याकडे पाठवलेला बरा.