उतारा किती, ते आधी सांगा

गडचिरोलीतल्या सुरजागडचे लोहखनिज आता शेअर बाजारातल्या छोट्या गुंतवणूकदाराच्याही ओळखीचे झाले आहे. तिथे खाणकाम करणाऱ्या लॉइड्स मेटल्सचा शेअर गेल्या काही वर्षांत अनेक पटींनी वधारला. पुढच्या वाढीची मोठी भिस्त आहे ‘बीएचक्यू’वर, म्हणजे बँडेड हेमॅटाइट क्वार्ट्झाइटवर. हा दगड हातात घेतला की लोहाचा करडा-तांबडा पट्टा, त्याला चिकटून गारेचा पट्टा, पुन्हा लोहाचा, असे थर दिसतात. लोहाचे प्रमाण साधारण ३५ टक्के. तो दळून, गार वेगळी काढून, ६५ टक्क्यांच्या आसपासचा माल करायचा, हे बेनिफिसिएशन. चांगले खनिज कधीतरी संपणार, म्हणून हे काम व्हायलाच हवे. प्रश्न त्यात पैसे घालणाऱ्याने काय विचारायचे, हा आहे.

अशा प्रकल्पांच्या सादरीकरणांत दोन आकडे ठळक असतात: जमिनीत किती कोटी टन साठा आणि तयार मालात किती टक्के लोह. नफा-तोटा ठरतो तो मात्र या दोहोंमधल्या आकड्यावर, उताऱ्यावर. महाराष्ट्राला हे शिकवावे लागू नये. साखरेचा उतारा अर्धा टक्का घसरला तर कारखान्याचे गणित बिघडते, हे उसाच्या पट्ट्यात सगळ्यांना पाठ आहे.

इथलेही गणित कागदावर मांडता येते. दगडात ३५ टक्के लोह, माल ६५ टक्क्यांचा. दगडातले ७५ टक्के लोह हाती लागले तर एक टन मालाला अडीच टन दगड पुरतो. ६० टक्केच लागले तर तीन टनांहून अधिक लागतो. म्हणजे तेवढ्याच मालासाठी पाव पट जास्त खोदायचे, दळायचे, तेवढी जास्त वीज आणि पाणी. दळणातच खरी मेख आहे. दगड जाड राहिला तर गार लोहाला चिकटलेली राहते. फार बारीक झाला तर लोहच गाळाबरोबर वाहून जाते.

अमेरिकेत मेसाबी पट्ट्यातला टॅकोनाइट हा कमी लोहाचा दगड १९५० च्या दशकापासून असाच वापरात आला, हे उदाहरण हमखास दिले जाते. तिथले लोह मुख्यतः मॅग्नेटाइटमध्ये होते आणि ते साधे चुंबकही ओढून घेते. हेमॅटाइट तसे येत नाही. त्याला फार तीव्र चुंबकीय क्षेत्र लागते किंवा गार रसायनांनी फेसावर तरंगवून काढावी लागते. आणि मॅग्नेटाइट असले तरी निर्धास्त राहता येत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ‘सिनो आयर्न’ या मॅग्नेटाइट प्रकल्पाच्या खर्चाचा अंदाज २००६ मध्ये सुमारे अडीच अब्ज डॉलरचा होता. पहिले जहाज निघाले २०१३ च्या डिसेंबरात, तोवर खर्च कित्येक पटींनी फुगला होता.

उंची मालाला जादा भाव मिळतो, हे खरे. पण तो स्थिर नसतो. पोलाद कारखान्यांचा नफा आटला की ते स्वस्त, हलक्या मालाकडे वळतात आणि हा जादा भाव उतरतो. दळणाचा खर्च मात्र तितकाच राहतो.

आपल्याकडे कुद्रेमुखच्या लोहखाणीचा दाखला आहे. १९७६ मध्ये इराणला माल पुरवण्यासाठी सरकारी कंपनी उभी राहिली. १९७९ च्या क्रांतीनंतर ते गिऱ्हाईकच गेले. तरीही कंपनी सावरली, पाइपमधून पाण्याबरोबर माल मंगळूर बंदरावर पाठवत राहिली. शेवटी खाण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २००५ अखेर बंद झाली, कारण ती पश्चिम घाटातल्या राष्ट्रीय उद्यानात होती. खनिज शिल्लक होते, तंत्र चालत होते.

म्हणून जंगलाचा प्रश्न ‘पर्यावरणवाद्यांचा’ म्हणून बाजूला सारणे गुंतवणूकदाराला परवडणारे नाही. गडचिरोलीत बेनिफिसिएशन प्रकल्पासाठी ९०० हेक्टरांहून जास्त वनजमीन आणि एक लाखाहून अधिक झाडे जाणार आहेत. वरच्या पहिल्या हिशेबात एक टन मालामागे दीड टन बारीक गाळ उरतो. तो कुठे आणि कुठल्या बांधाआड साठवायचा, खाण संपल्यावर त्याची राखण कोण करणार? ब्राझीलमध्ये ब्रुमाडिन्यो इथे जानेवारी २०१९ मध्ये असाच बांध फुटला, २७० माणसे गेली. पुढच्या कामकाजाच्या दिवशी बांधाच्या मालक ‘वाले’ कंपनीचे जवळपास चौथा हिस्सा बाजारमूल्य एका दिवसात बुडाले.

साखर कारखान्यांचा उतारा हंगामभर जाहीर होतो, उसाचा दरही त्यालाच बांधलेला असतो. लोहखनिजाच्या प्रत्येक सूचिबद्ध कंपनीने तिमाही निकालासोबत तेवढेच द्यावे: दगड किती टन दळला, माल किती टन निघाला, गाळात किती टक्के लोह गेले आणि त्या गाळाच्या पुढच्या राखणीसाठी ताळेबंदात किती तरतूद केली. ‘सेबी’ने हे सक्तीचे करावे.