माल आपला, कुलूप परक्याचे

देवळ्याचा शेतकरी उन्हाळ कांदा स्वतःच्या चाळीत साठवितो. उमराण्याच्या बाजारात भाव पडला, तर तोच कांदा तो लासलगावला नेऊ शकतो. म्हणूनच व्यापाऱ्याला बोली लावताना विचार करावा लागतो. मालकाला माल हलविता येणे हा स्पर्धेचा पाया होय. परंतु आपली कागदपत्रे, टिपणे व छायाचित्रे परक्याच्या संगणकावर ठेवताना सुशिक्षित वर्गाला या साध्या तत्त्वाचा विसर पडतो.

२०२० च्या टाळेबंदीत अनेक महाविद्यालयांनी अध्ययनसाहित्यापासून निकालपत्रकांपर्यंत सारे काही गूगल ड्राइव्हसारख्या सेवांवर ठेवले. जागा फुकट होती, आणि पात्र शिक्षणसंस्थांना तर अमर्याद होती. पुढे १ जून २०२१ पासून छायाचित्रांची अमर्याद मोफत साठवण थांबली व १५ जीबीची मर्यादा लागू झाली. शिक्षणसंस्थांच्या मोफत सेवेलाही जुलै २०२२ पासून संस्थेमागे १०० टीबीची मर्यादा आली.

कंपनीने अन्नछत्र चालवावे, असे कोणी म्हणणार नाही. किंमत आकारण्याचा तिचा हक्क मान्यच आहे. प्रश्न आहे तो ग्राहकाला निघून जाता येते काय, हा. फाइली उतरवून घेण्याची सोय कंपन्या देतात, हे खरे. परंतु ग्रामीण भागातील इंटरनेटच्या गतीने शेकडो जीबी उतरविणे, त्या पुन्हा दुसरीकडे चढविणे, जागोजागी दिलेल्या लिंका निकामी होणे, हा सारा भुर्दंड ग्राहकाच्याच माथी बसतो. दार उघडे आहे, पण सामान न्यायला गाडी नाही! भाडे वाढूनही भाडेकरू हलत नाही, तो याच कारणाने.

यावर उपाय नाही, असे नाही. २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक कायम ठेवून मोबाइल कंपनी बदलता येऊ लागली. युरोपीय संघाने २०१८ पासून नागरिकांना आपला डेटा दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क दिला. न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आपल्याकडेही तो होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मात्र तो आढळत नाही. ही उणीव संसदेने दूर केली पाहिजे.

तोवर प्रत्येक संस्थेने महत्त्वाच्या अभिलेखांची एक प्रत स्वतःच्या हार्ड डिस्कवर, कोणत्याही संगणकावर उघडेल अशा स्वरूपात ठेवावी आणि वर्षातून एकदा ती उघडून पाहावी. चाळीतला कांदा शेतकरी वेळोवेळी निवडून घेतो. शिकलेल्या माणसाने निदान तेवढी दक्षता दाखविण्यास कोणती हरकत आहे?