शाळेचे मंत्रिमंडळ फोटोपुरते नको



आपला गळीत हंगाम ऐन भरात असतो, तेव्हाच पोरांच्या शाळांत गॅदरिंगचे दिवस येतात. नागपूर शहर असो की तालुक्याचे गाव, डिसेंबर-जानेवारीत मांडव पडतात, लेझीम घुमते, नाटुकली बसतात. अलीकडे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांची त्यात भर पडली आहे. दहावीची एखादी बॅच पंचवीस वर्षांनी एकत्र जमते, जुन्या बाकांवर बसते, गुरुजींना शाल-श्रीफळ देते. पुण्या-मुंबईला नोकरीस गेलेले येतात, तोडणीची पाळी सांभाळून आपले सभासदही जातात. हे चांगलेच आहे. आनंदाच्या आड आम्ही येत नाही.

पण या सोहळ्यात छातीला बिल्ला लावून कोपऱ्यात उभी राहणारी एक मंडळी असते. शाळेचे विद्यार्थी मंत्रिमंडळ. तिच्याविषयी आम्हाला चार शब्द लिहायचे आहेत.

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत हे मंत्रिमंडळ बनते. मुख्यमंत्री, क्रीडामंत्री, आरोग्यमंत्री, सहलमंत्री अशी खाती वाटली जातात. काही शाळांत खरोखर मतदान होते, मोजणी होते, पोरं गुलालसुद्धा उधळतात. पण कित्येक ठिकाणी गुरुजी हुशार मुलांची नावे वाचतात आणि टाळ्या पडतात, की झाली निवड. आमच्या फिरतीत एका शाळेतल्या आरोग्यमंत्र्याला आम्ही विचारले, "बाळा, पाण्याची टाकी शेवटी कधी धुतली?" तो म्हणाला, "ते शिपाईकाकांना माहीत. मी पाहुण्यांना गुच्छ देतो."

दोष त्या पोराचा नाही. त्याला काम म्हणून कोणी काही दिलेच नव्हते. पण हाच मुलगा उद्या आपल्या जागी सभासद होणार आहे. बापाचा शेअर त्याच्या नावावर चढेल, वार्षिक सर्वसाधारण सभेत ताळेबंद त्याच्या हाती पडेल. आकडे वाचायची आणि उभे राहून प्रश्न विचारायची सवय नसेल, तर तोही "मंजूर, मंजूर" म्हणून हात वर करील आणि जेवणाच्या पंगतीकडे चालू लागेल. काणी नि गवताळ वाढ बेण्यातून येते, मागून कितीही खत घाला, हे आम्ही तुम्हाला शिवारात नेहमी सांगतो. सहकाराचा बेणेमळा शाळेत आहे.

प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचा इतिहास आठवा. १९५० साली तो सुरू झाला. त्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ नागपुरात वाढले आणि तिथूनच मॅट्रिक झाले. केंब्रिजला शिकून आलेला हा अर्थशास्त्रज्ञ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासारखा गावातला शेतकरी, दोघे एका संस्थेत बरोबरीने बसले. शेअर एक असो की दहा, मत एकच, हा सहकाराचा कायदा आहे. तो नुसता पाठ करून अंगी मुरत नाही. लहानपणी चिठ्ठी टाकून आणि हार पचवूनच मुरतो.

काही सभासद म्हणतील, "साहेब, पोट्ट्यांच्या निवडणुका लावल्या की शाळेत गटबाजी शिरेल." ही भीती खोटी नाही. मुंबईत १९८९ साली महाविद्यालयीन निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद होऊन गुणवत्तेवर प्रतिनिधी घेण्याची पद्धत आली. २०१६ साली नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात नवा कायदा मंजूर होऊन थेट निवडणुकीची वाट मोकळी झाली, तरी २०१९ साली त्या पुन्हा पुढे ढकलल्या गेल्या. मात्र १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ वर आलेले आहे. म्हणजे दहावीचा मुलगा दोन-तीन वर्षांत खऱ्या मतपेटीपुढे उभा राहणार. गटबाजी आणि पैसा त्याला तिथे भेटणारच आहे. तो पहिला धडा गुरुजींच्या डोळ्यांदेखत झालेला बरा.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. एक, निवड गुप्त चिठ्ठीने व्हावी, आणि उभे राहणाऱ्या मुलामुलींनी आपण काय करू हे वर्गापुढे सांगावे. दुसरी, मंत्रिमंडळाला खरे काम द्यावे. हंगामात तोडणी कामगारांची मुले गावात येतात आणि गॅदरिंग मांडवाबाहेरून पाहतात. ती शाळेत बसली का, त्यांना पुस्तक मिळाले का, हे पाहणे शिक्षणमंत्र्याचे काम का असू नये? तिसरी, गॅदरिंगच्या मांडवाचा, खाऊचा, बक्षिसांचा हिशेब मुलांनी लिहावा आणि फळ्यावर लावावा. चौथी सूचना माजी विद्यार्थ्यांना. शाल-श्रीफळ झाल्यावर तासभर या मंत्रिमंडळासोबत बसा आणि वर्षभरात काय केले ते विचारा. देणगी द्यायची असेल, तर ती कशाला लावावी हे मुलांनाच ठरवू द्या.

हे सांगायचा अधिकार तुम्हाला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. आपल्यापैकी कितीतरी जण आणि आपल्या घरच्या बाया त्या समितीवर आहेत. पुढच्या बैठकीत हा विषय काढा.

उद्या एखादे पोर सर्वसाधारण सभेत उठून ताळेबंदातल्या आकड्याचा खुलासा मागेल. त्या वेळी त्याला "खाली बस" म्हणू नका. शाळेचे काम चोख झाले, असे समजा.

— ऊस विकास अधिकारी