भाड्याची सायकल आणि कोपनहेगनचा रस्ता

युरोपच्या सहलीवर निघालेल्या मराठी पर्यटकाचा दिवस ठरलेला असतो. सकाळी हॉटेलातला भरपेट नाश्ता, मग बस, उतरून फोटो, पुन्हा बस, दुपारी भारतीय जेवण आणि पुन्हा बस. दहा दिवसांत पाच देश होतात आणि घोट्यांना सूज येते. या वेळापत्रकात कोपनहेगनच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. जलपरीचा पुतळा पाहिला की डेन्मार्क झाले! महाबळेश्वरला जाऊन हॉटेलच्या खोलीत टीव्ही पाहत बसावे, तसा हा प्रकार आहे. हे शहर पाहायचे तर सायकल भाड्याने घ्यावी. ती दुकानात मिळते, अनेक हॉटेलांत मिळते, ॲपवरही मिळते. पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांनी तर ती आवर्जून घ्यावी.

कारण साधे आहे. चालताना प्रत्येक पावलागणिक शरीराचे वजन गुडघ्यांवर येते. सायकलवर ते बरेचसे सीटवर टेकलेले असते. चालण्याइतक्याच श्रमात सपाट रस्त्यावर साधारण तिप्पट अंतर कापले जाते. कोपनहेगन जवळपास सपाट आहे. अख्ख्या डेन्मार्कमधली सर्वांत उंच नैसर्गिक जागा जेमतेम 170 मीटरची. चढ नसले तरी समोरून येणारा वारा मात्र दमवतो. तासाला बारा-पंधरा किलोमीटरच्या वेगाने, सोबत्याशी बोलता येईल इतपत श्वास लागत तासभर फिरले, की तो मध्यम व्यायाम झाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना असा व्यायाम आठवड्याला 150 ते 300 मिनिटे सुचवते. सहलीच्या तीन दिवसांत तो होऊन जातो, तोही व्यायाम म्हणून न करता. जेवणानंतर मांडीचे मोठे स्नायू कामाला लागले की रक्तातली साखर वापरली जाते, हा मधुमेहींना मिळणारा आणखी एक फायदा. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावे आणि खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्यात.

या शहराने सायकलीच्या फायद्याचे मोजमापही केले आहे. तिथल्या सुमारे तीस हजार लोकांच्या पाहणीचा निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाला. इतर व्यायाम, धूम्रपान वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही, कामावर सायकलने न जाणाऱ्यांचा मृत्युदर जाणाऱ्यांपेक्षा 39 टक्के अधिक आढळला. आकडा मोठा आहे, पण तो जपून वाचावा. मुळातच धडधाकट असलेला माणूस सायकल निवडतो, हा भाग अशा पाहणीतून पूर्णपणे वगळता येत नाही. शिवाय तो वर्षानुवर्षे रोज सायकल चालवणाऱ्यांचा आहे. तीन दिवसांच्या सायकलीने हृदयाचे काही कायमचे भले होत नाही.

मग तीन दिवसांत मिळते काय? भीती जाते. पदपथ आणि मोटारींचा रस्ता यांच्या मधे, दोहोंना वेगळा करणारा कठडा असलेली सायकलवाट तिथे मुख्य रस्त्यांवर सर्रास आहे. तिच्यावरून शाळकरी मुले जातात, कोट घातलेले कारकून जातात, पुढे लाकडी पेटी जोडलेल्या तीनचाकीत दोन पोरे बसवून आई जाते. न्योरेब्रोगेड या रस्त्यावरचे सिग्नल असे जुळवले आहेत की तासाला 20 किलोमीटरचा वेग ठेवला तर गर्दीच्या वेळीही एकामागून एक हिरवे दिवे मिळत जातात. न्यूहाउनपासून 2016 साली खुला झालेला पूल बंदर ओलांडतो. त्यावर फक्त पादचारी आणि सायकली. लोकल गाडीत सायकल 2010 पासून फुकट नेता येते. वीस वर्षांत सायकलला पाय न लावलेला माणूसही इथे दुसऱ्या दिवशी निवांत फिरू लागतो.

अर्थात, पहिल्या तासात काही सवयी मोडाव्या लागतात. वाहतूक उजवीकडून चालते. भाड्याच्या बऱ्याच सायकलींना पायडल उलटे फिरवले की ब्रेक लागतो. आपल्याकडच्या सवयीने उगीच उलटे पायडल मारणारा जागीच थांबतो आणि मागचा येऊन आदळतो. थांबायचे असेल तर हात वर करायचा. डावीकडे वळायचे तर चौकाच्या मधे घुसायचे नाही. सरळ पलीकडे जायचे, कोपऱ्यावर थांबायचे आणि मग वळायचे. फोटोसाठी सायकलवाटेवर उभे राहणे हा तिथे अक्षम्य अपराध! मोठ्यांना हेल्मेटची सक्ती नाही, पण नवख्याने ते घालावेच.

हे सगळे पाहून आलेले लोक दोन ठरावीक वाक्ये बोलतात: त्यांची हवा थंड आहे आणि त्यांना शिस्त आहे. हवेचे थोडेसे खरे आहे. मे महिन्यात नागपुरात दुपारी सायकल चालवा असे कोणी म्हणणार नाही. पण त्या थंड हवेत पाऊस, बर्फ आणि दुपारी चारलाच पडणारा अंधारही येतो. शिस्तीचे म्हणाल तर 1960 च्या दशकात हेच शहर मोटारींनी भरले होते आणि सायकली हटत चालल्या होत्या. 1973 च्या तेलसंकटात रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, पुढे लोक सायकलवाटांसाठी रस्त्यावर उतरले आणि त्या वाटा टप्प्याटप्प्याने बांधल्या गेल्या. आणि पुणे एकेकाळी सायकलींचे शहर होते, ते काय तिथली हवा थंड होती म्हणून?

खरी अडचण धुराची आहे. 2016 च्या एका अभ्यासात हवेतले पीएम 2.5 हे कण घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम धरून हिशेब केला, तेव्हा रोज दीड तासापर्यंत सायकल चालवण्याचा फायदा धुराच्या तोट्याहून जास्त भरला. त्यापुढे पारडे फिरले. म्हणजे आपल्या शहरांतही रोजची अर्ध्या-पाऊण तासाची सायकल बहुतेक दिवशी फायद्याचीच. या हिशेबात ट्रकखाली येण्याची भीती मात्र धरलेली नाही, आणि लोक सायकल सोडतात ते त्या भीतीने.

सहलीहून परतल्यावर उत्साहाच्या भरात गिअरची महागडी सायकल घेतली जाते आणि महिनाभरात तिच्यावर टॉवेल वाळू लागतात. त्याआधी एखाद्या रविवारी सकाळी घर ते मंडई हा रस्ता शेजाऱ्याच्या साध्या सायकलवरून पाहून यावा. सायकल ट्रॅक कुठे संपतो, कुठे त्यावर चारचाकी उभ्या असतात, कोणत्या चौकात उतरून सायकल ढकलावी लागते, हे लिहून काढावे आणि तो कागद महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात देऊन पोच घ्यावी.