मुंगीची वाट आणि एटापल्लीची केबल

एटापल्लीच्या रानात मुंग्यांची रांग पाहून कोणी थबकत नाही. त्या रांगेला मुकादम नसतो, नकाशाही नसतो. तरी वाटेत फांदी आडवी पडली की थोड्याच वेळात रांग वळसा घालून पुन्हा चालू लागते. ब्रुसेल्सच्या ज्याँ-लुई देनुबूर्ग प्रभृती संशोधकांनी १९८९ साली यातील मर्म प्रयोगाने दाखविले. वारूळ व अन्न यांच्यामध्ये एक आखूड व एक लांब असा पूल ठेवला असता बहुतेक मुंग्या अखेर आखूड पुलावरून जाऊ लागल्या. मुंगी चालताना गंध सोडते, आणि आखूड वाटेवर जा-ये लवकर होत असल्याने तेथे गंध आधी दाटतो. मात्र आखूड वाट मागाहून खुली केली, तेव्हा मुंग्या जुन्या लांब वाटेलाच चिकटून राहिल्या! (कचेरीतील वहिवाट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे नवल वाटू नये.) म्हणूनच मार्को दोरिगो यांनी १९९२च्या प्रबंधात ही युक्ती संगणकासाठी मांडताना गंध विरून जाण्याचीही योजना केली. पुढे १९९८ साली त्यांनी व दी कारो यांनी ती संगणकांच्या जाळ्याला लावली. जाळ्यातील प्रत्येक केंद्र छोटे टपालदूत पाठवून कोणत्या वाटेने किती वेळ लागतो हे पाहते आणि आपला तक्ता आपणच सुधारते. वरून हुकूम येण्याची गरज उरत नाही.

या विद्येचा एटापल्लीशी संबंध काय, असे कोणी विचारील. भारतनेटची योजना २०११ साली मंजूर झाली, तेव्हा तिची मांडणी झाडासारखी होती: तालुक्याहून निघालेली तार फुटत फुटत ग्रामपंचायतींपर्यंत जावयाची. अशा रचनेत रस्त्याच्या खोदकामात तार एका ठिकाणी तुटली, की तिच्या पुढची सारी गावे मुकी होतात. मग विद्यार्थ्याचा अर्ज अडतो, शिक्षकाची माहिती अडते आणि लोकांची बोलणी कारकून खातो. येथे कितीही चतुर गणित कामाचे नाही. कारण वाट निवडण्यास निदान दोन वाटा तरी हव्यात. ऑगस्ट २०२३मध्ये मान्य झालेल्या सुधारित योजनेत झाडाऐवजी कड्याची रचना स्वीकारली गेली, हे योग्यच झाले. परंतु सोयीच्या सपाट तालुक्यांत कडी आधी पुरी व्हावयाची आणि जंगलाची पाळी शेवटी, असे होता कामा नये. जेथे पावसाळ्यात नाल्यांना पूर येऊन रस्ताच बंद होतो, तेथे दुसऱ्या वाटेची निकड सर्वांत अधिक आहे. तोवर शाळेचा पट, धान्याची यादी व दाखल्यांची नोंद यांची एक प्रत तालुक्याच्या ठिकाणीच ठेवावी, आणि जोडणी आल्यावर ती वरच्या नोंदीशी जुळवून घ्यावी.