रुखवत : कौशल्याचे की किमतीचे?

आखाजी हा खानदेशातील माहेरवाशिणींचा सण. उन्हाळ्यात लेकी घरी येतात, झोके बांधले जातात. हेच दिवस लग्नसराईचेही. मांडवातील रुखवतात क्रोशाचे रुमाल, विणलेली तोरणे मांडली जात, ती वधूच्या व तिच्या मैत्रिणींच्या हातांची साक्ष म्हणून. आज रुखवत बाजारात तयार मिळते. सोय झाली खरी. परंतु जेथे कौशल्य मांडले जाई, तेथे आता किंमत मांडली जाते आणि तिचा भार वधूपित्यावर पडतो. कापसाच्या भावावर ज्याचे वर्ष अवलंबून, त्या जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्यास तो हलका नव्हे.

साधेपणातही शोभा असते, हे देशाने याच भूमीत पाहिले आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून ते सजविले होते. पुढे कोठारी आयोगानेही (१९६४-६६) शालेय शिक्षणात कार्यानुभवाचा आग्रह धरला. पण दुकानातून आणलेली वस्तू वहीबरोबर सादर होऊ लागली, तर त्यातून गुण मिळतील, अनुभव मिळणार नाही.

विणकाम हे केवळ मुलींचे, आणि म्हणून फुकटचे, ही समजूतही सोडली पाहिजे. मुलांच्या हातीही सुई यावी. सुताचे एक रीळ आणि सुटीतील काही दुपारी एवढे भांडवल त्यास पुरे. स्वतः घातलेला टाका मोजणारा विद्यार्थी दुसऱ्याच्या श्रमाचे मोल करताना सहसा हात आखडणार नाही.